ईग बेड

उद्यमबागेत सतरा वर्षं मी साचे भरले.
काळी वाळू मुठीत दाबून बघायची,
मोडली तर स्वच्छ मोडली पाहिजे.
रस ओतला की पेटीला हात नाही लावायचा.
नवा पोरगा घाई करतो, फोडतो,
आत अजून लाल असतं.
एकाच्या पायावर ते सांडलेलं मी बघितलंय.

तरी त्या रात्री मीच ओरडत होतो,
कापा, काय ते कापा, आत्ता.
बेंबीच्या वर उगवलेलं दुखणं पाठीतून बाहेर निघत होतं
आणि अनगोळपासून हॉस्पिटलपर्यंत
मी ओम्नीच्या मागच्या सीटवर वाकून बसलेलो,
खाली पडलेलं नाणं शोधावं तसा.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच : पितोस?
डॉक्टरचा, सिस्टरचा, मेव्हण्याचा,
मराठीत, कन्नडात,
लिफ्टवाल्याचा तर नुसत्या अंगठ्यानं.
मग खडा दिसला, पित्ताच्या पिशवीतून घसरलेला,
जोंधळ्याच्या दाण्याएवढा.
रेणव्वानं, म्हणजे बायकोनं, तो रिपोर्ट
सगळ्या भावकीला पाठवला.

स्वादुपिंड.
नाव ऐकून वाटलं, काहीतरी गोडाचं असणार,
कुंद्यासारखं.
ते स्वतःलाच पचवूलंय, असं हुक्केरी मॅडम म्हणाल्या.

मॅडम रोज यायच्या, पोटावर तळहात ठेवायच्या.
रेणव्वा रोज विचारायची, ऑपरेशन?
आणि रोज त्या : ईग बेड.
कन्नडात बेड म्हणजे नको.
आमच्यात बेड म्हणजे हाच, नंबर अकरा,
डावं चाक किरकिरणारा.
तापात दोन्ही एक झाले.
मला वाटायचं, बाई माझा नंबर पुकारतायत.

कल्लव्वा फरशी पुसता पुसता सांगायची,
पहिल्यांदा असं नव्हतं रे,
छातीपासून खालपर्यंत उघडायचे,
उघडंच ठेवायचे,
एकाआड एक दिवस धुवायला न्यायचे.
किती जण घरी गेले?
ती बादली उचलून पुढच्या खोलीत गेली.

सव्विसाव्या दिवशी थंडी वाजून ताप.
स्कॅनमध्ये हवेचे बुडबुडे.
आत सडलंय, मॅडम म्हणाल्या, पण गोडे आगिदे.
गोडे म्हणजे भिंत.
मी म्हणालो, आता तरी?
आता एक नळी. तेवढीच.

डाव्या कुशीतून गेली ती.
पिशवीत तंबाखूच्या पिंकेसारखं पाणी.
नऊ दिवस पिशवी भरली,
ताप मात्र उतरून परत चढला.
मग त्याच नळीच्या वाटेनं,
चार बोटं रुंद भोकातून, दुर्बीण.

नंतर त्यांनी मोबाइलवर दाखवलं.
राखाडी, ओलं, लोंबणारं,
चिमटा हळूच धरतो, हलवून बघतो,
सैल असलं तर घेतो,
नसलं तर सोडून देतो.
कोअरची वाळू, मी म्हणालो.
त्यांना कळलं नाही.
मग नाकातल्या नळीसकट मी सांगत बसलो :
बिडाच्या पोटात पोकळी पाहिजे असते,
तिथं वाळूचा गाभा ठेवतात,
निवल्यावर लहान भोकातून सळई घालून काढतात,
भिंतीला न टोचता.
आणि जी निघत नाही?
ती दुसऱ्या दिवशी.
ओढली तर?
तुम्हाला माहितेय की, मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नाही, अकराव्या दिवशी,
परत एकदा गेले आत.

पासष्ट दिवसांनी सुट्टी.
रेणव्वानं वॉर्डात कुंदा वाटला.
मला आता रोज इन्सुलिनची सुई,
मी रिकाम्या बॉक्सचा वास घेतला
आणि झाकण लावून टाकलं.

नळीचं भोक शिवलेलं नाही.
आपोआप मिटतं म्हणाल्या.
रोज संध्याकाळी रेणव्वा शर्ट वर करून
टॉर्च मारून बघते.
काल विचारलं, मिटलं?
म्हणाली, हलू नको.
अजून.